ब्लॅकमूरचं तळघर : एका मित्रमंडळाचं प्रकरण

जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातून एक खेळ विक्रीला निघाला. लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेलं खोकं, आत तीन बारक्या पुस्तिका, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. खोकी भरण्याचं काम घरीच झालं. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पंच प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते बोलतात आणि निकाल फासे लावतात, असा हा खेळ. पुस्तिकेवर दोन आडनावं होती, गायगॅक्स आणि आर्नेसन. अर्पणपत्रिकेत मात्र कुणा एकाचं नाव नाही. ‘चेनमेल’ या आधीच्या नियमपुस्तकातले जादू आणि राक्षसांचे नियम ज्यांनी हौसेने खेळले आणि वाढवले, त्या सगळ्या खेळगड्यांना आभार आणि कृतज्ञतेसह हा खेळ अर्पण केला आहे. आणि लगेच पुढे, हे घ्या त्याहून सरस काहीतरी, अशा अर्थाची उत्साहाने भरलेली ओळ आहे.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते या अर्पणपत्रिकेमुळे. या खेळाच्या जन्माची गोष्ट बहुतेक वेळा ‘खरा जनक कोण’ या भांडणाच्या अंगाने सांगितली जाते. गायगॅक्सचे चाहते एका बाजूला, आर्नेसनचे दुसऱ्या. पण कागदपत्रं आणि त्या काळच्या खेळाडूंच्या आठवणी वाचत गेलं की वेगळंच चित्र दिसतं. एका मित्रमंडळाला एकमेकांसोबत बसायला आवडत होतं, आणि त्या बसण्यातून हा खेळ एकेका संध्याकाळी थोडा थोडा घडला. आज जगभर कोट्यवधी लोक ज्या पद्धतीने टेबलाभोवती बसून खेळतात, ती पद्धत त्या मित्रांची देणगी आहे. मी स्वतः दर रविवारी अशाच एका टेबलावर पंच म्हणून बसते, त्यामुळे हे ऋण मला अगदी जवळचं वाटतं.

मंडळी आणि त्यांचं टेबल

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही मिनेसोटा राज्यातली जोडशहरं. साठच्या दशकात तिथे युद्धखेळांचं एक मंडळ होतं. त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते, नुकते नोकरीला लागलेले होते, काही शाळकरी मुलंही होती. टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतरं मोजायची, फासे टाकायचे आणि नेपोलियनच्या काळातली एखादी लढाई पुन्हा लढायची, असा त्यांचा शिरस्ता. नियमांवरून वाद ठरलेले. तोफेचा गोळा टेकडीपलीकडे पोचतो की नाही, यावर तासभर हुज्जत चालायची. म्हणून पंच लागायचा.

डेव्हिड वेझली या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या पंचाच्या कामातच खरा रस होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याला ‘स्ट्रॅटेगॉस’ हे पुस्तक सापडलं. चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये लिहिलेलं, अधिकाऱ्यांच्या सरावासाठीच्या युद्धखेळाचं. त्यातली एक गोष्ट वेझलीच्या मनात घर करून बसली. खेळाडूला जे सुचेल ते करून बघायची मुभा असावी आणि त्याचा परिणाम काय होतो ते पंचाने ठरवावं. नियमांत लिहिलेलं नाही म्हणून ‘असं करता येणार नाही’ असं म्हणायचं नाही.

१९६९ च्या सुमारास त्याने हे तत्त्व घेऊन एक डाव रचला. ब्राउनश्टाइन नावाचं कल्पित जर्मन गाव. दोन सैन्यं गावाच्या दिशेने येताहेत. लढाई सुरू होण्याआधी गावात काय चाललं असेल? सैन्याच्या सेनापतींखेरीज बाकीच्या मित्रांना त्याने गावातली माणसं वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू, कुणी विद्यार्थी. प्रत्येकाला आपापला छुपा हेतू दिला. एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून त्याची चाल ऐकायची, असा बेत होता.

बेत पार फसला. वेझली एकाशी बोलत असताना बाकीचे आपापसांत बोलायला लागले. कोपऱ्यांत कट शिजले. दोघं जण त्याच्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलंय, आता कोण जिंकलं ते तू सांग. द्वंद्वाचे नियम त्याच्याकडे नव्हतेच. त्याने जागच्या जागी काहीतरी ठरवून फासे टाकले. संध्याकाळ संपली, लढाई झालीच नाही. डाव वाया गेला असं वेझलीला वाटलं, आणि मित्र विचारत होते, पुढचा कधी?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा हा क्षण आहे. रचणाऱ्याच्या हिशोबाने जो डाव हुकला होता, तो खेळणाऱ्यांनी उचलून धरला. मित्रांना त्या गोंधळात काय आवडलं हे वेझलीला लगेच उमगलं नाही. पुढच्या वेळी त्याने सगळं आखीव-रेखीव केलं, तर मजाच गेली. मग पुन्हा मोकळा डाव मांडला, तेव्हा तो रंगला. मित्र काय मागताहेत हे कान देऊन ऐकणारा पंच आणि तोंडदेखलं ‘छान होतं’ न म्हणता ‘पुन्हा खेळू’ म्हणणारे मित्र, दोन्ही एकाच टेबलावर असणं हे भाग्याचं.

पत्रकं आणि हेलिकॉप्टर

त्या मोकळ्या डावाची हकिकत या मंडळातले लोक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, आणि ती ऐकावी अशीच आहे. या वेळी गाव जर्मनीतलं नव्हतं. लॅटिन अमेरिकेतलं एक डळमळीत प्रजासत्ताक होतं. सत्तेसाठी सगळ्यांची ओढाताण. डेव्ह आर्नेसनच्या वाट्याला शांततावादी क्रांतिकारकाची भूमिका आली होती. त्याचं काम काय, तर क्रांतीची पत्रकं छापून वाटणं. जितकी पत्रकं वाटली तितके गुण. हातात बंदूक नाही, पैसा नाही, फौज नाही. कागदावर पाहिलं तर टेबलावरचं सगळ्यात कमकुवत पात्र.

आर्नेसन घरून तयारी करून आला. त्याने सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून आणलं होतं. खेळ सुरू झाल्यावर एकेकाला बाजूला घेऊन त्याने पटवून दिलं की आपण खरे अमेरिकेचे गुप्तहेर आहोत, क्रांतिकारक वगैरे नुसतं सोंग. होता होता सगळ्यांचा इतका विश्वास बसला की देशाची तिजोरीच त्याच्या स्वाधीन झाली, कारण ती त्याच्या हातात सुरक्षित राहील असं सगळ्यांना वाटलं! शेवटी तो सगळा पैसा घेऊन हेलिकॉप्टरमधून निसटला. आणि जाता जाता, आपलं मूळ काम न विसरता, वरून हजारो पत्रकं शहरावर उधळली. त्याचेही गुण मिळवले.

या हकिकतीत मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. आर्नेसनने जे केलं ते कुठल्याही नियमपुस्तकात नव्हतं. त्याने पात्राच्या अंगात शिरून विचार केला, आणि वेझलीने त्याला वाव दिला. दुसरं असं की बाकीचे मित्र फसवले गेले, पण कुणी टेबल सोडून गेलं नाही. इतकी वर्षं ते स्वतःच ही गोष्ट कौतुकाने सांगत आले. हरणाऱ्यालाही ज्याची गोष्ट सांगावीशी वाटते असा डाव पत्त्यांत किंवा कॅरममध्ये क्वचित पडतो.

ऑक्टोबर १९७० मध्ये वेझलीला लष्कराच्या सेवेत जावं लागलं. पंचच गेला म्हणजे खरं तर मंडळ विस्कटायला हवं होतं. झालं उलटंच. एकाने टेक्सासमधल्या कल्पित गावात काउबॉयचा डाव चालवला. आर्नेसनने ब्राउनश्टाइनची परंपरा आपल्या घरी चालू ठेवली. पंचगिरी एकट्याची मक्तेदारी राहिली नाही. ज्यांनी आधी मनसोक्त खेळून घेतलं होतं, ते आता दुसऱ्यांना खेळवायला बसले.

१७ एप्रिल १९७१, दुपारी एक ते रात्री बारा

आर्नेसन तेव्हा तेवीस वर्षांचा होता, मिनेसोटा विद्यापीठात इतिहास शिकत होता आणि सेंट पॉलमध्ये आईवडिलांच्या घरी राहत होता. घराचं तळघर हे मंडळाचं हक्काचं ठिकाण. मंडळाचं एक पत्रकही तो काढायचा, ‘कॉर्नर ऑफ द टेबल’ नावाचं. त्यात एक निमंत्रण छापून आलं. १७ एप्रिल १९७१ रोजी दुपारी एक ते मध्यरात्रीपर्यंत डेव्ह आर्नेसनच्या घरी ‘मध्ययुगीन ब्राउनश्टाइन’ होईल. खाण्यापिण्याची सोय नेहमीप्रमाणे. या वेळी पुराणकथांमधले प्राणी असतील, आणि ट्रोल या राक्षसाच्या पुलाखाली पोकरचा डाव रंगेल.

‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे कशी हे सांगायला त्याला एक ओळही खर्च करावी लागली नाही, कारण ती सोय सगळ्यांना ठाऊकच होती. अकरा तासांची बैठक, घरच्या तळघरात, आणि पुलाखाली राक्षसासोबत पत्ते. मला तर हे निमंत्रण आजही कुणी पाठवलं तरी मी जाईन.

मित्र तळघरात उतरले तेव्हा नेहमीचं नेपोलियनचं रणांगण नव्हतं. पिंगपाँगच्या टेबलावर प्लास्टिकचा एक मध्ययुगीन किल्ला उभा होता. आर्नेसनने नंतर सांगितलं आहे की त्याआधीच्या एका शनिवार-रविवारी त्याने पॉपकॉर्न खात राक्षसांचे सिनेमे पाहिले होते, तलवारबाज नायकांच्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि ठरीव लढायांचा त्याला कंटाळा आला होता. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात आणि मावळे मांडून झाले की आत कुठून भुयार जातं, कोण कुठल्या बुरुजावर पहाऱ्याला, याच्या गोष्टी रचत बसतात, तसंच काहीसं या विशीतल्या माणसांचं झालं. फरक इतकाच की त्यांनी तो किल्ला पुढची कित्येक वर्षं मोडला नाही.

या किल्ल्याच्या आसपासचा मुलूख म्हणजे ब्लॅकमूर. सुरुवातीला मित्र त्यात स्वतःच होते. म्हणजे पात्र म्हणून कुणी राजपुत्र नाही, तर सेंट पॉलमधले हेच आपण, अचानक या अद्भुत मुलखात येऊन पडलोय, आता काय करायचं? ही युक्ती मला फार आवडते. अभिनय करायची लाज वाटणाऱ्यालाही स्वतःसारखं वागणं जमतं. नंतर हळूहळू त्यांची पात्रं त्यांच्यापासून सुटी झाली, त्यांना नावं आणि स्वभाव मिळाले.

किल्ल्याखाली आर्नेसनने मजल्यावर मजले असलेलं भुयार आखलं होतं. नकाशा फक्त त्याच्याजवळ. मित्रांना दिसायचं ते त्याच्या तोंडून. कसं चालतं ते ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पंच म्हणतो, पायऱ्या संपल्या, पुढे अंधार आहे, डावीकडून पाणी ठिबकल्याचा आवाज येतोय, काय करता? एक म्हणतो मशाल पेटवतो. दुसरा म्हणतो थांब, उजेड दिसेल कुणाला तरी. तिसरा तोवर आवाजाच्या दिशेने निघालेला असतो. मग फासे पडतात. पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालतं. सगळं त्या चार-सहा जणांच्या बोलण्यात उभं राहतं, आणि ज्याला आपण एरवी अबोल समजतो तो अशा वेळी सगळ्यांच्या पुढे अंधारात शिरलेला असतो.

भांडणातून निघालेले नियम

या खेळाचे जे नियम आज जगभर सर्रास वापरले जातात, त्यांतले काही या टेबलावरच्या कुरबुरींमधून आले. सुरुवातीला आर्नेसन लढाईसाठी ‘चेनमेल’चा आधार घेत असे. त्या नियमांत एक फटका बसला की गडी बाद. सैन्यातल्या शेकडो शिपायांसाठी ते ठीक. पण आठवडेच्या आठवडे जपलेलं आपलं पात्र एका फाश्यात गेलं की मित्रांना ते सहन होईना. आर्नेसनने मग आपल्याच एका आरमारी खेळातून कल्पना उचलली. चिलखती जहाज बुडायला किती मार खावा लागतो याचा हिशोब तिथे होता. तोच त्याने माणसांना लावला. आज मोबाइलवर कुठलाही खेळ उघडला तर नायकाच्या डोक्यावर जी जीवनशक्तीची पट्टी दिसते, तिची मुळं अशी आहेत. मित्राला त्याच्या पात्राचा लळा लागलाय आणि त्याला पुढच्या आठवड्यातही यायचंय, हे ओळखून पंचाने केलेली ती सोय होती.

दुसरा नियम एका रक्तपिपासू मित्राचा. मंडळातल्या एकाचं पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग. ते इतकं बलवान झालं की बाकीच्यांचं काही चालेना. खऱ्या मैत्रीत अशा वेळी दोनच वाटा दिसतात, एक तर त्या मित्राला ‘बास झालं’ म्हणायचं, नाहीतर मनात धुसफुसत राहायचं. या मंडळाने तिसरी वाट काढली. माइक कार या मित्राने धर्मगुरूचं पात्र घेतलं, जे पवित्र शक्तीने अशा भुताखेतांना रोखू शकतं. तोल सावरला, आणि सर फँगचा खेळाडू टेबलावरच राहिला. जखमा भरून काढणारा, सोबत्यांना सांभाळणारा धर्मगुरू हे या प्रकारच्या खेळांतलं पुढे ठरूनच गेलेलं पात्र. माझ्या टेबलावर ते नेहमी एकच मैत्रीण मागून घेते, आणि तिला त्याचा उगम सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे मी मूळची भांडण मिटवणारी!

ब्लॅकमूरमध्ये आणखी एक गोष्ट बदलली, जिच्यावर तेव्हा फारसं कुणी बोललं नसावं. युद्धखेळ रात्री संपायचा. एक बाजू जिंकायची, सैनिक पेटीत जायचे. ब्लॅकमूर संपायचंच नाही. जिंकणं-हरणं नाही, मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून पुढे. मित्रांना भेटायला आता वेगळं निमित्त शोधावं लागत नव्हतं. भुयाराचं दार अर्धवट उघडं ठेवून सगळे घरी गेलेले असायचे.

लेक जिनिव्हाची फेरी

गॅरी गायगॅक्सने १९६८ मध्ये लेक जिनिव्हातलं हॉर्टिकल्चरल हॉल पन्नास डॉलर भाड्याने घेऊन युद्धखेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला होता. तो ‘जेन कॉन’. पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात त्याची आणि आर्नेसनची ओळख झाली, आणि माइक कारला सोबत घेऊन दोघांनी जहाजांच्या लढाईचे नियमही एकत्र लिहिले. गायगॅक्स विम्याच्या कंपनीत होता, १९७० मध्ये ती नोकरी गेली. घरी पाच मुलं. तो घरच्या घरी जोडे दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात टाइपरायटरवर खेळांचे नियम बडवायचा.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि त्याच मंडळातला डेव्ह मेगॅरी गाडीने लेक जिनिव्हाला गेले. सेंट पॉलहून पाचशेहून अधिक किलोमीटर. मेगॅरीने ब्लॅकमूरच्या भुयारावरून एक पटावरचा खेळ बनवला होता, तोही सोबत होता. त्या रात्री गायगॅक्स, त्याचा मुलगा अर्नी आणि रॉब व टेरी हे कुंट्झ बंधू ब्लॅकमूरमध्ये उतरले. खेळ संपल्यावर गायगॅक्सने आर्नेसनकडे नियम मागितले. आर्नेसनकडे होती ती वीसेक पानांची टिपणं. बाकीचं त्याच्या डोक्यात आणि मित्रांच्या सवयीत.

इथे गायगॅक्सचं श्रेय निखालस दिलं पाहिजे. मिनेसोटाच्या मंडळात जे तोंडी चालत होतं ते अनोळखी माणसाला पुस्तक वाचून खेळता येईल असं लिहिणं हे निराळंच काम आहे, आणि ते भयंकर चिकाटीचं आहे. त्याने काही आठवड्यांत पन्नास पानी खर्डा केला, मुलांना आणि शेजारपाजारच्या दोस्तांना घेऊन स्वतःचं भुयार चालवलं, मग खर्डा तिप्पट झाला. प्रती मित्रमंडळांना खेळून बघायला पाठवल्या. एका नावाजलेल्या प्रकाशकाने खेळ नाकारला, तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये त्याने आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र डॉन के याने स्वतःचीच कंपनी काढली. के याने आपल्या आयुर्विम्यावर एक हजार डॉलर कर्ज काढलं. तरी छपाईला पैसे पुरेनात, तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भिडू भांडवल घेऊन आला.

डॉन के गायगॅक्सच्या टेबलावरच्या सुरुवातीच्या खेळाडूंपैकी. मित्रासोबत भुयारात उतरण्यात त्याला इतकी मजा आली की त्याने विम्यावरचे पैसे त्यात घातले. पहिली आवृत्ती संपल्याचं त्याला पाहायला मिळालं. ३१ जानेवारी १९७५ रोजी हृदयविकाराने तो गेला, वय अवघं छत्तीस. या खेळाबद्दल कृतज्ञता व्यक्त करताना माझ्या मनात गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या बरोबरीने के याचं नाव येतं.

१ नोव्हेंबर १९७३ या तारखेची गायगॅक्सची प्रस्तावनाही वाचण्यासारखी आहे. ती चक्क ‘फार फार वर्षांपूर्वी’ अशी परीकथेसारखी सुरू होते. एक छोटं मंडळ होतं, त्यांचा एक कल्पित मुलूख होता, आणि त्या नकाशावरची एक छानशी दलदल शोधून डेव्ह आर्नेसनने तिथे आपलं ब्लॅकमूर वसवलं, असं त्यात आहे. स्वतःच्या कंपनीच्या पहिल्यावहिल्या मोठ्या मालाच्या पहिल्या पानावर मित्राच्या दलदलीचं कौतुक! हे लिहिणाऱ्याच्या मनात तेव्हा हिशोब नव्हता, याबद्दल मला शंका नाही.

बिनसलं ते

पुढची वर्षं थोडक्यात सांगते. पैसा येऊ लागला. आर्नेसन १९७६ मध्ये कंपनीत नोकरीला आला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. १९७७ पासून खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती निघाली, तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. १९७९ मध्ये तो कोर्टात गेला, १९८१ मध्ये तडजोड झाली. १९८५ मध्ये खुद्द गायगॅक्सच्या हातून कंपनी निसटली. १९९७ मध्ये ती दुसऱ्यांनी विकत घेतली.

कोर्टात विचारला गेला तो प्रश्न होता, लिहिलं कोणी. त्या प्रश्नाचं उत्तर कायद्याला हवंच असतं. पण वेझलीचं फसलेलं गाव, पात्र मेलं म्हणून कुरकुरणारे मित्र, सर फँगला आवर घालणारा कार, ही सगळी माणसं त्या प्रश्नात बसत नाहीत. १९७४ ची अर्पणपत्रिका त्यांना बसवत होती. म्हणून माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत खरा दस्तऐवज तीच आहे.

टेबल टिकलं

मैत्री पूर्ण संपली असं मात्र म्हणता येत नाही, निदान खेळाच्या बाबतीत. आर्नेसनने पुढे फ्लोरिडात खेळरचना शिकवण्याची नोकरी केली. तरीही मिनेसोटातल्या जुन्या मंडळींसोबत मूळचं ब्लॅकमूर खेळण्यासाठी वर्षातून एकदा जमायचं, हा नेम त्याने सोडला नाही. ज्या खेळावरून तो वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत झगडला, तोच खेळ त्याच मित्रांसोबत खेळायला तो परत परत येत होता. ७ एप्रिल २००९ रोजी सेंट पॉलमध्येच तो गेला. लोकांनी आयुष्यात मजा करावी एवढंच त्याला हवं होतं, असं त्याच्या मुलीने तेव्हा सांगितलं.

गायगॅक्स त्याच्या वर्षभर आधी, ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात गेला. प्रकृती ढासळलेली असतानाही त्या वर्षाच्या जानेवारीपर्यंत दर आठवड्याला त्याच्या घरी डाव मांडला जात होता. आणि धर्मगुरूचं पात्र घेणारा माइक कार? त्याने पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा एक खेळ साठच्या दशकात काढला होता. पहिल्या ‘जेन कॉन’पासून प्रत्येक मेळाव्यात खेळला गेलेला तेवढा एकच खेळ आहे. २०२४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला पन्नास वर्षं झाली तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटं काढली. त्यांवर ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत. पिंगपाँगचं टेबल असतं तर मला जास्त आवडलं असतं.

या प्रकरणातून मी माझ्या टेबलासाठी जे उचललं ते सांगून थांबते. आमच्याकडे पूर्वी पंच कायम मीच असायचे. आता दर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणालातरी ती खुर्ची देते, कारण वेझली गेल्यावर मंडळ टिकलं ते याच सवयीवर. एखादा डाव मनासारखा झाला नाही की आधी मी स्वतःलाच दोष देत बसायचे, आता आधी खेळणाऱ्यांना विचारते, पुन्हा कधी बसायचं? आणि आम्ही स्वतः रचलेल्या मुलखाची जी वही आहे, तिच्या पहिल्या पानावर आम्ही सगळ्यांची नावं लिहिली आहेत, कुठली कल्पना कुणाची होती त्यासकट. नदीवरचा लाकडी पूल पुण्याहून येणाऱ्या जोडप्याचा. बोलकी घुबडं शेजारच्या सातवीतल्या मुलाची. दर वेळी हरूनही पहिला येऊन चहा टाकणाऱ्या मित्राच्या नावापुढे काय लिहावं यावर बराच खल झाला. शेवटी सगळ्यांनी मिळून लिहिलं, ‘याच्यामुळे टेबल भरतं.’